आईच्या बाजूचा ब्रेक

आई हसली. तळ्याच्या मधोमध, बदकाच्या आकाराच्या पांढऱ्या बोटीत बसून, मान मागे टाकून ती हसली आणि ते हसणं पाण्यावरून घरंगळत थेट माझ्या बाकापर्यंत आलं. मी खरं तर उठून नाचायला हवं होतं. निदान मुंगीला फोन करून सांगायला हवं होतं की जमलं, मी जमवलं. (मुंगी माझी मैत्रीण. वर्गात सगळ्यांत उंच आहे म्हणून मुंगी.) त्याऐवजी मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. लोखंडी कड, तिच्यावरच्या रंगाचा पापुद्रा नखाखाली गेला. बाबाही हसत होता. ते ऐकू येत नव्हतं, पण खांदे हलताना दिसत होते. बाबा हसतो तो खांद्यांनीच. दोघं एकाच वेळी, एकाच गोष्टीवर हसत होते. असं शेवटचं कधी पाहिलं ते आठवायला गेले तर आठवेना, आणि मग वाटलं, हे हसणं आपल्या घरातल्या कुठल्याच हसण्यासारखं नाहीये. खूप वेळ बसलेले पाहुणे एकदाचे उठले, दार लागलं, की घरातली माणसं एकमेकांकडे बघून हसतात ना, तसं आहे. पण इथे कोण पाहुणा होता? बोटीत तर दोघंच होते.

आजचा रविवार शेवटचा. म्हणजे समुपदेशक बाईंनी दिलेल्या मुदतीतला शेवटचा. बाबा त्यांना हवामान खातं म्हणतो, कारण त्या ठाम असं काही बोलत नाहीत, "थोडं मोकळं होईल असं वाटतंय" एवढंच बोलतात. पण एक गोष्ट त्यांनी ठाम सांगितली होती. वेगळं राहायचं की एकत्र, हे आत्ता ठरवू नका; उन्हाळा संपेपर्यंत दर रविवारी दोघांनीच बाहेर जा आणि मग येऊन मला सांगा. उद्या ते दोघं जाऊन सांगणार होते. पहिल्या दिवशी हे ऐकून आई घरी आली तेव्हा बूट काढता काढताच म्हणाली, "डेट म्हणे. या वयात." बाबा तिच्या मागे दारातच उभा होता, कारण ती वाटेत बसली होती. "वयाचा काय संबंध," मी म्हटलं. "संबंध कसा नाही? जायचं कुठे? आम्ही दोघं समोरासमोर बसलो की नोकरीची मुलाखत चालल्यासारखं वाटतं." "आणि नोकरी कुणालाच नको असते," बाबा तिच्या डोक्यावरून म्हणाला. आई हसली नाही. मी हसले, मोठ्यांदा, आणि म्हटलं, "हे तुम्ही माझ्यावर सोडा." हल्ली मी असं म्हणते. शाळेत कशासाठीही कोण पुढे येतंय असं विचारलं की माझा हात माझ्या आधी वर जातो. वक्तृत्व, नाटक, सहलीची बस ठरवणं, काहीही. मावशी म्हणते, "ही आधी मुकी होती तेच बरं होतं, निदान जेवताना घास तरी गिळता यायचा."

पहिल्या रविवारी त्यांनी माझं ऐकलं नाही, ते आपले जेवायला गेले. मेणबत्त्या वगैरे असलेली जागा. दारू आई घेत नाही, तिला गाडी चालवायची असते. बाबा घेतो थोडी, पण समोर पाण्याचा ग्लास घेऊन कुणी बघत बसलं की त्याला ती कडू लागते. आणि जेवण तर आमच्याकडे आधीच नासलेलं आहे, कारण बाबा दात बनवतो. डॉक्टर नाही तो. डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवतात आणि बाबा लॅबमध्ये त्यावरून दात घडवतो; एकेक दात, किंवा अख्खी कवळी. त्यामुळे जेवणाऱ्या माणसाकडे तो माणूस म्हणून बघूच शकत नाही. "ऑर्डर घ्यायला आला तो मुलगा," आईने घरी आल्यावर मला सांगितलं, "तर हा त्याच्या तोंडात बघून म्हणतो, वरचा डावीकडचा कुणी केला? मुलगा घाबरला. सूप विसरला." "चांगलं काम होतं म्हणून विचारलं," बाबा म्हणाला. "संपूर्ण संध्याकाळ तू माझ्या मागच्या टेबलावरच्या बाईकडे बघत होतास." "तिचं खालचं माप चुकलंय. तिला चावता येत नव्हतं, कुणाच्या लक्षात तरी येतंय का." "आणि मला चावता येत होतं का, ते बघितलंस?" यावर बाबाने नेहमीचं केलं, म्हणजे चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. चष्मा पुसत असलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तो त्या वेळी तुम्हाला बघतच नसतो.

तेव्हा मी माझा सिद्धांत मांडला. मला सिद्धांत मांडायला आवडतं. मी म्हटलं, समोरासमोर बसायचंच नाही. टेबल नको, ताट नको, ग्लास नको. शेजारी शेजारी, दोघांचे हात कशात तरी गुंतलेले आणि दोघांचे डोळे तिसऱ्याच गोष्टीवर. बोलायचं असलं तर बोला, नाहीतर नका बोलू, हात चालूच राहतील. "हे तुला कुणी शिकवलं?" आईने विचारलं. मी म्हटलं, सुचलं. पण ते सुचलेलं नव्हतं, पाहिलेलं होतं. आणि तेही माझ्याच तोंडात.

माझा समोरचा दात खोटा आहे. आता सांगायला काही वाटत नाही, उलट मी लोकांना ओळखायला लावते, कुठला ते. कुणालाच ओळखता येत नाही, कारण बाबाने केलाय. चौथीपासून तिथे फट होती. मधल्या काळात काढता-घालता येणारा एक दात होता, तो बोलताना टकटक हलायचा आणि एकदा प्रार्थनेच्या वेळी पुढच्या मुलीच्या केसांत पडला. त्यानंतर मी तोंड उघडणंच सोडलं. हसताना हात, बोलताना हात, फोटोत ओठ बंद. जबडा वाढायचा थांबेपर्यंत पक्का दात बसवत नाहीत. या वर्षी सुरुवातीला डॉक्टर म्हणाले, आता चालेल. मग एका सकाळी बाबा लॅबमधून दातांच्या रंगांची पट्टी घेऊन आला. पट्टी म्हणजे एका दांडीला ओळीने लावलेले सुटे दात, पांढऱ्याच्या किती जाती असतात ते तेव्हा कळतं. मला खिडकीत बसवलं. दिव्याच्या उजेडात दाताचा रंग खोटा दिसतो, दिवसाचा उजेड लागतो. एकेक दात माझ्या दाताशेजारी धरून बघता बघता त्याने आईला हाक मारली, "जरा ये गं, तू बघ, माझे डोळे थकले." आई हात पुसत आली. दोघं माझ्या तोंडावर वाकले. आईची वेणी माझ्या खांद्यावर पडली होती. बाबाच्या बोटांना मेणाचा वास येत होता आणि आईच्या श्वासाला कॉफीचा. "हा," आई म्हणाली. "हा जरा पिवळा नाही?" बाबाने विचारलं. "तिचे पिवळेच आहेत." "पिवळे नाहीत गं, उबदार आहेत." "बरं, उबदार. हाच." मी आ वासून बसले होते, मला काही बोलता येत नव्हतं, जबडा दुखायला लागला होता, आणि मला वाटत होतं की यांना रंग सापडूच नये. संध्याकाळपर्यंत सापडू नये. त्या दिवसानंतर त्यांनी मिळून काही केलं असेल तर हवामान खात्याची पायरी चढले, बस.

दात बसला आणि मी बोलायला लागले. आणि मी बोलायला लागल्यावरच लक्षात आलं की घरात दुसरं कुणी बोलत नाहीये. आधी मी गप्प असायचे, तेव्हा ती शांतता मला माझीच वाटायची.

तर मग रविवार माझ्याकडे आले. मातीकामाच्या वर्गात पाठवलं. दोन चाकं शेजारी शेजारी. मुंगी म्हणाली, एकदम भारी. आईची वाटी एका बाजूला कलंडली, पण होती वाटी. बाबाने हात लांब केला आणि दोन बोटांनी ती सरळ केली, काठ गोल केला, आतून गुळगुळीत केली. खरंच सुंदर केली. आईने ती तिथेच सोडली, भाजायलाही दिली नाही. "का गं?" मी विचारलं. "त्याची होती ती," आई म्हणाली. बाबाला हे कळलंच नाही, तो चार वेळा म्हणाला, "अगं, मी मदत केली." मग तारांगण झालं. आरामखुर्चीत पाठीवर पडून, वर बघत. शेजारी शेजारीचा याहून मोठा प्रकार असूच शकत नाही असं मला वाटलं होतं. दोघं झोपले. कर्मचाऱ्याने उठवलं. पण घरी आले तेव्हा दोघांच्या गालांवर खुर्चीच्या कापडाची सारखीच जाळी उमटली होती, आणि ती बघून मला इतकी आशा वाटली की मी त्या रात्री गणितं भराभर सोडवली. मग ती चढायची भिंत. रंगीत खुंट्या असलेली उंच भिंत, एकाने चढायचं आणि दुसऱ्याने खालून त्याचा दोर धरायचा. बाबा चढणार, आई धरणार. म्हणजे मी काय हुशारी केली होती बघा, विश्वास वगैरे. झालं असं की आईने दोर इतका ताणून धरला की बाबा चढूच शकत नव्हता. खुंटीला हात पोचायच्या आधी तो लटकायचा. "सैल सोड जरा," तो वरून म्हणाला. "सोडते, आधी तू नीट पकड." "तू सैल सोडल्याशिवाय पकडणार कसा?" "आणि पडलास तर?" शिकवणारी मुलगी म्हणाली, मॅडम, तुम्ही त्यांना उचलून धरलंय. आईचे तळहात सोलून निघाले. बाबा गादीवर उतरला तेव्हा जमिनीपासून फार तर टेबलाइतका वर गेला असेल. दोघांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, आता यावर तरी हसतील. कुणी हसलं नाही.

आई अशीच आहे. ती गाडी चालवायला शिकवते. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने काहीही केलं तरी आई गाडी थांबवू शकते. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून, समोरचा रस्ता बघत, पाय तयार ठेवून तिचं काम चालतं. ती बसमध्ये बसली तरी तिचा पाय दाबला जातो. मी जिना भराभर उतरले तर स्वयंपाकघरात तिचा पाय दाबला जातो, मी पाहिलंय. आणि माझा दात तसाच तुटला. चौथीच्या सुट्टीत आई बाबाला गाडी शिकवत होती. बाबा चालवत होता, आई त्याच्या शेजारी, मी मागे, दोन सीटच्या मध्ये उभी. आईने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला. मी पुढे आले आणि सीटच्या मागच्या लोखंडावर तोंड आपटलं. एवढंच. रक्त, रुमाल, डॉक्टर हे सगळं कुणाकडेही होतं तसंच. पण नंतर आमच्याकडे दोन वाक्यं राहायला आली. आईचं वाक्य, "रस्त्यात काहीतरी होतं." आणि बाबाचं, "रस्ता रिकामा होता." मांजर होतं, आई म्हणायची, मग कुत्रं, मग म्हणायची, काहीतरी हललं. काही नव्हतं, बाबा म्हणायचा, मी बघत होतो, मी चालवत होतो, तू मला चालवूच दिलं नाहीस. त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. तो बसने जातो. आणि हे भांडण माझ्या दातावरून कधीच व्हायचं नाही बरं का. भाजी जळली, बिल भरायचं राहिलं, मावशी किती दिवस राहणार, कशावरूनही सुरू व्हायचं आणि रात्री शेवटी त्याच रस्त्यावर येऊन थांबायचं. काहीतरी होतं. काही नव्हतं. मी पलीकडच्या खोलीत जिभेने फट चाचपत पडायचे. साक्षीदार मी एकटीच होते, पण मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. मी त्या वेळी वरच्या छोट्या आरशात स्वतःचे दात बघत होते. नवे आले होते ना.

आज बोट मी निवडली. तिकीट माझ्या फोनवर होतं म्हणून मला बरोबर यावं लागलं, नाहीतर डेटला मी जात नाही, तेवढं मला कळतं. शिट्टीवाल्या काकांनी बोट धक्क्याशी ओढली आणि सांगितलं, दोघांचे पायडल एकाच दांड्याला आहेत, एकाने पाय रोवले तर दुसऱ्याचेही थांबणार, सांभाळून. बाबाने माझ्याकडे बघितलं. माझी चूक लगेच माझ्या लक्षात आली. दोघांना एकाच दांड्याला बांधायचं आणि त्यातली एक माझी आई. पण तोवर केशरी जॅकेटं चढली होती. आईला तिचं इतकं मोठं झालं की हनुवटी आत गेली. "हसू नकोस," ती मला म्हणाली. "मी कुठे हसतेय." "दिसतायत सगळे." म्हणजे दात. बोट निघाली, हातभर गेली आणि थांबली. "आता काय आडवं आलं?" बाबा म्हणाला. "ती दुसरी बोट." "ती तिकडे पार त्या टोकाला आहे." "पण येतेय ना." पुन्हा निघाली. पुन्हा थांबली. गोल फिरली. बदकाचं तोंड धक्क्याकडे आलं, पाण्याकडे गेलं, परत धक्क्याकडे. शिट्टीवाले काका माझ्या बाकाशेजारच्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ बघून म्हणाले, "तुमचेच का?" "हो." "एकाला जायचंय, एकाला थांबायचंय." "नवीन आहेत," मी म्हटलं. "नवीन दिसत नाहीत," काका म्हणाले आणि शिट्टी पुसायला लागले. आणि मग हळूहळू बोट सरळ जायला लागली. मी आईच्या पायांकडे बघायचा प्रयत्न केला, पण इतक्या लांबून फक्त केशरी दिसत होतं. बोट मधोमध जाऊन थांबली. या वेळी झटका न बसता, आपोआप. बदक वाऱ्याने थोडं थोडं वळत राहिलं. ते बोलत होते. बाबाने चष्मा काढला नाही. मग आई हसली.

मघापासून मी तेच हसणं उलटसुलट करून बघतेय, बाबा दात बघतो तसं, उजेडाकडे धरून. हे खरं आहे की कुणी केलेलं आहे? आणि एकेक गोष्टी वर यायला लागल्या, ज्या मी बघितल्या होत्या पण बघायच्या नाहीत असं ठरवलं होतं. घरी बाबाच्या टेबलावरचा मेण वितळवायचा छोटा दिवा गेल्या आठवड्यापासून नाहीये. मला वाटलं, दुरुस्तीला दिला असेल. बाबाचा हिवाळ्याचा कोट खुंटीवर नाहीये, पण उन्हाळ्यात कोट कोण बघतं. आई मला परवा म्हणाली, तुला बसचा पास काढून देते, तुझी तू जायला शिक, इकडे तिकडे. इकडे तिकडे म्हणजे कुठे? मी विचारलं नाही. एवढी सगळीकडे हात वर करणारी मी, तेवढं विचारलं नाही. आणि परवाच रात्री जेवताना भाजी करपली होती आणि बाबा म्हणाला, "असू दे, चांगली लागतेय." आई म्हणाली, "वाढू अजून?" मी ताटावरून वर बघितलं तर दोघं एकमेकांशी इतके नीट वागत होते, जसे लिफ्टमध्ये अनोळखी लोक वागतात. मला ते जमत आल्यासारखं वाटलं होतं. मी मुंगीला तसं सांगितलंही होतं. मुंगी म्हणाली, "माझ्या घरी अजून ताटं आपटतात." मला तिची दया आली होती. आता बाकावर बसून मला ताटं आपटल्याचा आवाज इतका हवासा वाटला की कान दुखायला लागले.

काकांनी शिट्टी वाजवली, परत येणाऱ्यांसाठी नाही, दुसऱ्या बोटीत कुणीतरी उभं राहिलं होतं म्हणून. पण बदक वळलं. येऊ लागलं. सरळ येत होतं, दोघांचे गुडघे एकाच तालात वर-खाली होत होते, आणि धक्का जवळ येत होता, त्याच्या कडेला लावलेली जुनी टायरं जवळ येत होती. मी उठले. मला माहीत होतं, आता आई पाय रोवेल. ती कायम लवकर रोवते, सगळ्यांच्या आधी. रोवेल, बोट थांबेल, बाबा म्हणेल अजून जागा आहे, आई म्हणेल मला दिसतंय. मी वाट बघत होते. माझा स्वतःचा पाय फळीवर दाबला गेला होता. बोट आली तशीच आली आणि टायरला धाडकन आपटली. बदकाची मान हलली. आईने दोन्ही पाय पायडलवरून उचलून पोटाशी घेतले होते, लहान मुली घेतात तसे, आणि बाबाकडे बघत ती म्हणाली, "बघ." "छान," बाबा म्हणाला. "जरा जोरात, पण छान." काका म्हणाले, अहो, बोट माझी आहे.

आई आधी बाहेर आली, स्वतःची स्वतः, माझा हात न घेता. जॅकेट काढलं. केस सारखे केले. तिचा चेहरा खूप दिवस झोप मिळालेल्या माणसासारखा होता. "काय हसत होतात एवढं?" मी विचारलं. आवाज मला हवा होता त्याहून मोठा आला. आईने बाबाकडे बघितलं, तो अजून बोटीतच बसला होता. "बाबा म्हणाला," ती म्हणाली, "त्या दिवशी रस्त्यात असेलही काहीतरी." "कुठल्या दिवशी?" मी विचारलं, जसं काही आमच्याकडे दिवस खूप होते. मग बाबाच म्हणाला, "आणि मी असं म्हणतोय तोवर ही म्हणते, मला आठवतच नाही रे, नसेलही काही." "दोघं एकदमच म्हणालो," आई म्हणाली. तिला पुन्हा थोडं हसू आलं, तेच हसणं, दार लावल्यानंतरचं. पाहुणा कोण होता ते तेव्हा मला समजलं. इतकी वर्षं जे त्यांच्यामध्ये बसून होतं ते उठून गेलं होतं, आणि त्यांनी बघितलं तर घरात दुसरं काही नव्हतंच. त्याच्याच आधाराने सगळं उभं होतं. मी म्हटलं, "म्हणजे मग चांगलंय ना? म्हणजे मिटलं." दोघांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर वाकले होते तसे, सारखेच, काळजीने, रंग जुळतोय का बघत. "मिटलं," आई म्हणाली. "लॅबच्या वरची खोली रिकामी होती, बाबाने घेतलीय. तू कधीही जाऊ शकतेस. बसचा एकच थांबा आहे." "उद्या बाईंना सांगणार आहोत," बाबा म्हणाला. "पण आधी तुला." आणि पुढे म्हणाला, "तू खूप केलंस. खरं सांगू का, तो मातीचा वर्ग मला फार आवडला होता." "आणि मला तारांगण," आई म्हणाली. "मला कितीतरी दिवसांनी तिथे झोप लागली." ते माझं कौतुक करत होते. एकेका रविवारचं नाव घेऊन, शाळेत बक्षिसं देताना घेतात तसं. मला एवढं बोलता येतं, भर सभागृहात न थांबता बोलता येतं, आणि मला एक शब्द सुचेना. माझी जीभ जुन्या सवयीने समोरच्या दाताच्या मागे गेली. तिथे फट नव्हती. गुळगुळीत होतं. बाबाचं काम.

"अजून थोडा वेळ आहे तिकिटावर," बाबा म्हणाला आणि शेजारच्या सीटवर थाप मारली. "येतेस? पुढचे रविवार आता आपलेच आहेत. एक तुझा-माझा, एक तुझा आणि आईचा. तुला तर एवढं काय काय सुचतं." आई म्हणाली, "जा. मी बसते इथे." तिने तिचं जॅकेट माझ्या अंगात चढवलं, पट्टे आवळले, जरा जास्तच आवळले, मग स्वतःच थांबली आणि पट्टा एक भोक सैल केला. मी बोटीत उतरले. आईची सीट अजून कोमट होती. पायडल ओले होते. आम्ही निघालो, एकाच दांड्यावर, माझे पाय बाबाच्या पायांनी फिरत होते, मला काही करावंच लागत नव्हतं. बाबा इकडचं तिकडचं बोलत होता. पुढच्या वेळी सायकली घेऊ, नाहीतर लॅबमध्ये ये, तुला मेणाचा दात करायला शिकवतो. मागे वळून बघितलं तर आई माझ्या बाकावर बसली होती, लोखंडी कड धरून, आणि लहान होत चालली होती. तिचा एक पाय पुढे होता का, ते दिसेना. पाणी सपाट होतं. समोर कुणी नव्हतं, दुसरी बोट केव्हाच काठाला लागली होती. आणि माझे पाय थांबले. मी ठरवून केलं नाही, टाचा आपोआप रुतल्या, गुडघे ताठ झाले, आणि दांडा अडकला. बाबाने एकदा जोर लावून बघितला. बोट जागची हलेना. बदकाच्या पोटाखाली पाणी चुबुक चुबुक वाजत राहिलं.

"काय झालं?" बाबाने विचारलं. "आडवं आलं का काही?"

"काहीतरी आहे," मी म्हटलं.

बाबाने समोर बघितलं. खूप वेळ बघितलं, खरंच शोधत असल्यासारखं. चष्म्याला हात लावला नाही.

"असेल," तो म्हणाला, आणि त्याने आपले पाय पायडलवरून उचलून घेतले.